दुसऱ्या डिस्कवरून संगणक सुरू का होत नाही?

कोकणातील एका तालुक्याच्या गावातील शाळेत २००९ सालच्या जूनपासून एक साधा उपक्रम चालू आहे. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवलेला आहे. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता नववीतील दोन विद्यार्थी त्यातील पाणी मोजतात आणि आकडा वहीत लिहितात. आठवड्याअखेरीस हे आकडे शाळेच्या संगणकात भरले जातात. सुरुवातीच्या काही वर्षांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या, त्यामुळे त्या वर्षांच्या नोंदी फक्त संगणकातच उरल्या होत्या. २००९ ते २०२४ असे सोळा पावसाळे त्या पेटीत होते म्हणा ना!

२०२५ च्या जून महिन्यात या शाळेतील विज्ञानाच्या बाईंचा आम्हाला फोन आला. "सर, संगणक सुरू होत नाही. दुरुस्तीवाले म्हणतात, दोन्ही डिस्क फॉरमॅट कराव्या लागतील. करू का?"

आम्ही म्हटले, "बाई, तूर्त काहीच करू नका. संगणक बंद ठेवा, आणि काय काय झाले ते क्रमाने सांगा."

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. संगणक २०११ सालचा. त्यात ५०० गिगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि तिच्यावर विंडोज ७ होते. सर्वसाधारण वापरकर्त्यांसाठी या विंडोजच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या. पुढे बाईंनी जुन्या डिस्कला हात न लावता २४० गिगाबाइटची एक नवी सॉलिड स्टेट डिस्क बसवून घेतली आणि तिच्यावर लिनक्स घातले. पावसाच्या नोंदीही नव्या डिस्कवर हलवल्या. दोन वर्षे सगळे सुरळीत चालले. मग जुनी डिस्क 'टक टक' असा आवाज करू लागली. ती आता जाणार हे ओळखून बाईंनी ती काढून टाकली. लिनक्सही नव्या डिस्कवर आणि नोंदीही नव्या डिस्कवर, तेव्हा अडचण यायचे कारण नव्हते. पण संगणक सुरू करताच काळ्या पडद्यावर एवढाच संदेश आला, की सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

जी डिस्क दोन वर्षे रोज चालत होती, ती शेजारची डिस्क काढताच 'सापडेनाशी' कशी झाली? याचे उत्तर शोधायचे, तर संगणक सुरू होतो म्हणजे नेमके काय होते ते आधी समजून घ्यावे लागेल.

पंपात आधी पाणी भरावे लागते

संगणकाला कोणतेही काम करायचे तर त्याच्या स्मृतीत आज्ञावली असावी लागते. डिस्कवरील कार्यप्रणाली, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स, स्मृतीत आणणे हेही एक कामच आहे. म्हणजे कार्यप्रणाली आणण्यासाठी आधी स्मृतीत काहीतरी आज्ञावली हवी. पण वीज बंद असताना ही स्मृती कोरी असते. मग सुरुवात करायची कोणी?

शेतातील पाण्याच्या पंपाचीही अशीच अडचण असते. तो विहिरीतील पाणी खेचू शकतो, पण त्यासाठी त्याच्यात आधी थोडे पाणी भरलेले असावे लागते. ते थोडे पाणी बाहेरून ओतावे लागते. एकदा पंपाने पाणी धरले, की पुढचे काम तो स्वतः करतो.

संगणकातील हे 'ओतलेले पाणी' म्हणजे मुख्य पट्टीवरील एका चिपमध्ये कायमची साठवलेली छोटी आज्ञावली. तिला बायॉस म्हणतात. सुरू होण्याच्या या क्रियेला 'बूट होणे' म्हणतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. या शब्दाचा उगम बुटाला मागे असलेल्या पट्टीत, म्हणजे बूटस्ट्रॅपमध्ये आहे. आपल्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला वर उचलणे ही अशक्य गोष्ट. संगणकाला पाहणाऱ्यांना तसेच काहीसे वाटले असावे.

वीज मिळताच काम कसे पुढे सरकते ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी : बायॉस स्मृती, कळफलक, पडदा वगैरे भागांची चाचणी घेते. मग सुरू करण्याजोग्या साधनांची यादी पाहते. आधी कोणाकडे जायचे, पेन ड्राइव्हकडे, पहिल्या डिस्ककडे की दुसऱ्या, याचा क्रम त्या यादीत लिहिलेला असतो.

दुसरी पायरी : निवडलेल्या डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे फक्त ५१२ बाइट, बायॉस स्मृतीत आणते. या सेक्टरला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. त्याचे तीन भाग असतात. पहिल्या ४४६ बाइटांत एक चिमुकली आज्ञावली. पुढच्या ६४ बाइटांत डिस्कच्या विभागांचा तक्ता. एका विभागाला १६ बाइट याप्रमाणे चार विभागांची जागा. आणि शेवटचे दोन बाइट म्हणजे जणू सही : षोडशमान पद्धतीत ५५ आणि एए. आपल्या दशमान पद्धतीत या संख्या ८५ आणि १७० होतात. त्या द्विमान पद्धतीत लिहून पाहा : ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. एक आणि शून्य यांची अदलाबदल असलेली ही नक्षी विद्यार्थ्यांना जरूर दाखवावी.

तिसरी पायरी : ४४६ बाइटांत फार काही मावत नाही. म्हणून ती चिमुकली आज्ञावली एवढेच करते, की पुढची, थोडी मोठी आज्ञावली कोठे आहे ते ठाऊक असल्याने तिला स्मृतीत आणते. लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत या कामासाठी ग्रब नावाचा बूट लोडर वापरतात. ग्रबचा दुसरा हिस्सा पहिल्या सेक्टरनंतरच्या मोकळ्या जागेत असतो आणि तिसरा, सर्वांत मोठा हिस्सा लिनक्सच्या विभागात नेहमीच्या फाइलींच्या रूपात असतो.

चौथी पायरी : ग्रब पडद्यावर यादी दाखवते आणि निवडलेल्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणून त्याच्याकडे सूत्रे देते.

पाचवी पायरी : कर्नल आपला मुख्य विभाग शोधतो, इतर विभाग जोडतो, आणि मग ओळखीचा पडदा दिसतो.

ही झाली पाच धावपटूंची रिले शर्यत. प्रत्येकाने काठी पुढच्याच्या हातात द्यायची. एकानेही काठी टाकली तर शर्यत तेथेच थांबते, मग पुढचे धावपटू कितीही तंदुरुस्त असोत. म्हणून 'संगणक सुरू होत नाही' ही तक्रार अपुरी आहे. काठी नेमकी कोणाच्या हातून पडली, हे विचारले पाहिजे.

'पहिली' आणि 'दुसरी' ठरवते कोण?

एकाच पेटीत दोन डिस्क असल्या की आणखी एक घोटाळा संभवतो. पहिली कोणती आणि दुसरी कोणती, हे डिस्कवर कोरलेले नसते. बायॉस आपल्या क्रमाने डिस्कना अंक देते. ज्या हार्ड डिस्कवरून सुरुवात करायची तिचा अंक षोडशमान ८०, म्हणजे १२८. दुसरीचा ८१, म्हणजे १२९. बायॉसमध्ये क्रम बदलला की अंकही बदलतात.

जुन्या आयडीई डिस्कच्या काळात एकाच रुंद पट्टीसारख्या केबलला दोन डिस्क जोडत. तेव्हा डिस्कच्या मागील बाजूस जंपर नावाची बारीक टोपी हव्या त्या पिनांवर बसवून एकीला 'मास्टर' आणि दुसरीला 'स्लेव्ह' करावे लागे. दोन्ही मास्टर राहिल्या तर बहुधा गोंधळ होई. आता साटा पद्धतीत प्रत्येक डिस्कला स्वतंत्र केबल असते आणि जंपरची कटकट नाही.

लिनक्सची नावे आणखी वेगळी. ते डिस्कना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे ज्या क्रमाने त्या सापडतील त्या क्रमाने देते. आज जी एसडीबी आहे, ती शेजारची डिस्क काढल्यावर एसडीए होते. वर्गातील हजेरी क्रमांकासारखेच हे आहे. एखादे मूल शाळा सोडून गेले की पुढच्या वर्षी सर्वांचे क्रमांक सरकतात. म्हणून भरवशाची ओळख हवी असेल तर क्रमांकाऐवजी नाव पाहावे. डिस्कवरील प्रत्येक विभागाला असे १२८ बिटांचे एक ओळखचिन्ह देतात, त्याला यूयूआयडी म्हणतात. डिस्क कोणत्याही केबलला लावली तरी ते बदलत नाही.

याला एक अपवाद लक्षात ठेवावा. एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर केली, तर ओळखचिन्हाचीही नक्कल होते! मग एकाच नावाची दोन मुले वर्गात असल्यासारखे होते आणि संगणक कोणत्या डिस्कवरचा विभाग उचलेल याचा भरवसा राहत नाही. अशी नक्कल केल्यावर संगणक पुन्हा सुरू करण्यापूर्वी दोहोंपैकी एक डिस्क काढून ठेवावी.

शाळेत केलेले तीन प्रयोग

त्या रविवारी आम्ही शाळेत गेलो. बाई होत्याच, शिवाय पावसाच्या नोंदी ठेवणारे दोन विद्यार्थीही आले होते. एकाला आम्ही निरीक्षणे लिहायला बसवले. नियम दोनच ठरवले. एका वेळी एकच बदल करायचा. आणि केलेला बदल व पडद्यावर आलेला संदेश शब्दशः लिहायचा.

प्रयोगाआधी एक काम मात्र करायचे होते, ते म्हणजे नोंदी वाचवणे. नवी डिस्क एकटी जोडली, आणि लिनक्स असलेल्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला. असे केले की पेन ड्राइव्हवरची कार्यप्रणाली चालते आणि डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. डिस्क उघडून पाहिली. सोळा पावसाळ्यांची सोळा पाने जागच्या जागी होती! ती दुसऱ्या एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, आणि तो ड्राइव्ह आमच्या संगणकाला लावून प्रत्येक फाइल खरोखर उघडते का ते पाहिले. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हेच.

बाईंचा जीव भांड्यात पडला. पण 'फॉरमॅट करू का?' या प्रश्नाला त्या दिवशी 'करा' असे उत्तर मिळाले असते तर काय झाले असते, हे सर्वांच्या मनात आलेच. फॉरमॅट केल्याने डिस्क दुरुस्त होत नाही, ती रिकामी होते.

जुनी डिस्क मरणपंथाला लागलेली होती, म्हणून तिला फक्त दोनदाच जोडायचे ठरवले. प्रत्येक वेळी संगणक बंद करून, वीजजोडणीची पिन काढून मगच केबल बदलली. विद्यार्थ्याच्या वहीतील नोंदी अशा :

प्रयोग १. फक्त नवी डिस्क : सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

प्रयोग २. फक्त जुनी डिस्क : 'नो सच डिव्हाइस', त्यापुढे लांबलचक अंक-अक्षरे, आणि खाली 'ग्रब रेस्क्यू'.

प्रयोग ३. दोन्ही डिस्क : लिनक्स व्यवस्थित सुरू.

आम्ही मुलांना विचारले, "यावरून काय दिसते?" नोंदी लिहिणारी मुलगी म्हणाली, "दोघी मिळून चालतात, एकटी कोणीच चालत नाही." निदान येथेच झाले! दुरुस्तीवाल्यांनी 'दोन्ही डिस्क बिघडल्या' असे म्हटले ते याच निरीक्षणावरून. पण तिसरा प्रयोग त्या निष्कर्षाला टिकू देत नाही. दोन्ही बिघडलेल्या असत्या तर एकत्र तरी कशा चालल्या असत्या?

खरे कारण दुसऱ्या प्रयोगात आहे. जुन्या डिस्कवर तर विंडोज होते. मग तेथे 'ग्रब' हा शब्द आला कोठून? याचा अर्थ, लिनक्स घालताना त्याच्या आज्ञावलीने ग्रबचा पहिला आणि दुसरा हिस्सा जुन्या डिस्कच्या सुरुवातीला लिहिला आणि तिसरा हिस्सा नव्या डिस्कवर. लिनक्स घालताना बूट लोडर कोठे लिहायचा असा एक प्रश्न असतो, आणि न बदलल्यास त्याचे उत्तर बहुधा पहिली डिस्क, म्हणजे एसडीए असेच राहते. बाईंनी ते न बदलता पुढे जाण्याचे बटण दाबले होते. बहुतेक जण तसेच करतात.

म्हणजे रिलेचे पहिले धावपटू जुन्या डिस्कवर आणि पुढचे नव्या डिस्कवर अशी वाटणी झाली होती. जुनी डिस्क काढताच काठी उचलायला कोणी राहिले नाही. नवी काढली तर पहिला धावपटू काठी घेऊन निघाला, पण पुढच्याचा पत्ता नाही; पडद्यावरची ती लांबलचक अंक-अक्षरे म्हणजे न सापडलेल्या विभागाचे यूयूआयडी होते.

खात्री करण्यासाठी दोन्ही डिस्क जोडलेल्या असतानाच दोघींचा पहिला सेक्टर वाचून पाहिला. जुन्या डिस्कच्या ५१२ बाइटांत 'ग्रब' हे अक्षर इंग्रजीत सरळ वाचता येत होते. नव्या डिस्कवर विभागांचा तक्ता होता, शेवटची ५५-एए ही सहीही होती, पण ग्रबची आज्ञावली नव्हती. तर्क निरीक्षणाने पक्का झाला.

दुरुस्ती, आणि आणखी एक अडथळा

दुरुस्ती मग दहा मिनिटांची होती. जुनी डिस्क कायमची काढली. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला, नव्या डिस्कवरील लिनक्सचा विभाग जोडला, आणि ग्रब पुन्हा बसवण्याची आज्ञा दिली. येथे एक काळजी घ्यावी लागते. आज्ञेत डिस्कचे नाव द्यायचे असते, आणि नावे तर सरकतात! आता एकटीच राहिलेली नवी डिस्क एसडीए झाली होती, आणि पेन ड्राइव्ह एसडीबी. म्हणून नावावर विसंबून न राहता आकारमान पाहिले. २४० गिगाबाइटची ती डिस्क, १६ गिगाबाइटचा तो पेन ड्राइव्ह. यात चूक होण्याचा संभव नाही. शिवाय ग्रब विभागावर नव्हे, तर संपूर्ण डिस्कच्या सुरुवातीला बसवायचा असतो. नंतर यादी नव्याने तयार करण्याची आज्ञा दिली.

पेन ड्राइव्ह काढून संगणक सुरू केला. ग्रबची यादी आली, लिनक्स सुरू होऊ लागले, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि पडदा पुन्हा थबकला! कशाची तरी वाट पाहत असल्याचा संदेश, शेजारी सरकणारे सेकंद. दीड मिनिटाने संगणकाने हार मानली आणि आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन थांबला.

आता निराश व्हायचे कारण नव्हते. काठी पहिल्या चार धावपटूंकडून नीट पुढे गेली होती. ती पाचव्या पायरीवर अडली होती. या पायरीवर कर्नल सुरू झाल्यावर इतर विभाग जोडले जातात. कोणते जोडायचे याची यादी लिनक्सच्या एका फाइलीत असते. बाईंना आठवले, की जुन्या डिस्कवरील फाइली मुलांना आपोआप दिसाव्यात म्हणून त्यांनीच त्या यादीत एक ओळ घातली होती. डिस्क गेली, पण ओळ राहिली! गावाहून न येणाऱ्या पाहुण्यासाठी पंगत अडवून धरावी, तसा संगणक जुन्या डिस्कची वाट पाहत होता. ती ओळ काढली. पुढच्या वेळी संगणक अर्ध्या मिनिटात सुरू झाला. मग तो तीनदा बंद करून तीनदा सुरू करून पाहिला.

निघताना बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. दर सोमवारी संगणकातील तारीख चुकते. शनिवारी शाळेचा मुख्य खटका बंद करतात. हे लक्षण वेगळ्याच दोषाचे होते. वीज नसताना घड्याळ चालू ठेवायला मुख्य पट्टीवर रुपयाएवढी एक बॅटरी असते. ती बहुधा ३ व्होल्टची, सीआर २०३२ या क्रमांकाची. ती संपली की तारीख जाते आणि पुष्कळ संगणकांत बायॉसमधील क्रमाची यादीही मूळपदावर जाते. दोन डिस्कच्या संगणकात यामुळे नसती डिस्क पहिली होऊ शकते. 'आठवडाभर चालतो, सोमवारी रुसतो' अशी तक्रार असेल तर आधी ही बॅटरी बदलून पाहावी.

नव्या संगणकांत काय वेगळे?

आतापर्यंत सांगितलेली रचना जुन्या संगणकांची आहे. डिस्कवर मास्टर बूट रेकॉर्ड ठेवण्याची पद्धत १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटी या संगणकाबरोबर आली. त्या संगणकाची डिस्क १० मेगाबाइटची होती! पुढे ही रचना अपुरी पडू लागली. तिच्या तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात. २ चा ३२ वा घात गुणिले ५१२ बाइट केले तर सुमारे २.२ लाख कोटी बाइट येतात, म्हणजे साधारण २.२ टेराबाइट. त्यापुढची डिस्क या तक्त्यात मावत नाही.

म्हणून आताच्या संगणकांत बायॉसच्या जागी यूईएफआय ही रचना आणि जीपीटी नावाचा मोठा तक्ता वापरतात. येथे पहिल्या सेक्टरमधील ४४६ बाइटांवर भिस्त नसते. डिस्कवर एक छोटा खास विभाग असतो आणि त्यात बूट लोडर साध्या फाइलीसारखा ठेवलेला असतो. कोणत्या डिस्कवरची कोणती फाइल चालवायची याची यादी मुख्य पट्टीवरील स्मृतीत असते.

रचना बदलली तरी आपल्या शाळेतील घोटाळा येथेही होतो. दुसऱ्या डिस्कवर विंडोज किंवा लिनक्स घातले, तरी बूट लोडर पुष्कळदा पहिल्या डिस्कवरील खास विभागातच ठेवला जातो. शिवाय यादी मुख्य पट्टीवर असल्याने डिस्क दुसऱ्या संगणकात नेली तर यादी मागे राहते. अशा वेळी नवा संगणक डिस्कवर एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या नावाची फाइल शोधतो. ती असली तरच गाडी पुढे जाते.

आणखी तीन गोष्टी तपासण्यासारख्या आहेत. एक, जुन्या पद्धतीने तयार केलेली डिस्क आणि फक्त नव्या पद्धतीवर ठेवलेला संगणक यांचे जमत नाही. दुरुस्तीचा पेन ड्राइव्हही डिस्कच्याच पद्धतीने सुरू करावा लागतो. दोन, 'सिक्युअर बूट' ही सोय चालू असेल तर मान्य सही नसलेला बूट लोडर संगणक नाकारतो. तीन, साटा डिस्कशी बोलण्याची रीत बायॉसमध्ये आयडीई किंवा एएचसीआय अशी निवडता येत असेल आणि विंडोज घातल्यानंतर ती बदलली गेली, तर निळा पडदा येऊन ७बी या क्रमांकाची चूक दिसू शकते. हा क्रमांक सांगतो, की विंडोज सुरू तर झाले, पण त्याला स्वतःचीच डिस्क वाचता येत नाही. रीत पूर्वीसारखी केली की बहुधा काम होते.

आधीच काळजी घ्यायची असेल तर उपाय अगदी सोपा आहे. दुसऱ्या डिस्कवर कार्यप्रणाली घालताना पहिल्या डिस्कची केबल काढून ठेवावी. मग सगळे धावपटू एकाच डिस्कवर राहतील. नंतर पहिली जोडावी, आणि बायॉसच्या यादीत हवी ती डिस्क वर आणावी. विंडोज १० च्या सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्त्याही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्या. जुन्या संगणकात दुसरी डिस्क बसवण्याचा विचार करणाऱ्या शाळांना ही एवढी खबरदारी पुरेशी आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

शाळेत एखादा निकामी ठरवलेला संगणक असेल, आणि त्यात जपण्यासारखे काही नसेल, तर हाच प्रयोग आठवी-नववीच्या मुलांकडून करून घेता येईल. पाच मुलांना पाच पायऱ्यांची नावे द्यावीत. मग शिक्षकांनी मुद्दाम एक दोष घडवावा : केबल काढावी, बायॉसमधील क्रम बदलावा, किंवा बॅटरी काढून ठेवावी. अर्थात वीज पूर्ण तोडल्यावरच. पडद्यावरचा संदेश वाचून काठी कोणाच्या हातून पडली ते मुलांनी ओळखायचे, आणि एका वेळी एकच बदल करून आपला तर्क तपासायचा.

यातून मुले केवळ संगणक शिकत नाहीत. वनस्पतीला सूर्यप्रकाश लागतो का, लंबकाचा आवर्तकाल कशावर अवलंबून असतो, हे तपासताना आपण त्यांना जे सांगतो, तेच येथेही लागू पडते : इतर सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट बदला, जे दिसले ते लिहा, आणि निष्कर्ष निरीक्षणापुढे धावू देऊ नका.

त्या शाळेत आता पावसाच्या नोंदींच्या तीन प्रती आहेत. एक संगणकात, एक मुख्याध्यापकांच्या कपाटातील पेन ड्राइव्हवर आणि एक गावातील वाचनालयात, छापील कागदावर. जुनी डिस्क बाईंनी फेकली नाही. तिचे झाकण उघडून आतल्या चकचकीत तबकड्या त्यांनी प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावल्या आहेत. आणि त्या पावसाळ्यातील सतरावी नोंदवही, सकाळी साडेआठच्या आकड्यांसह, वेळेवर सुरू झाली.